नागाळा पार्क, आर. के. नगर की फुलेवाडी? आधी तीन पाणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, मिसेस नागाळा पार्कातल्या शाळेत, मुलगी चार वर्षांची. भुदरगड तालुक्यातलं गाव सोडून आई-वडील आता कायमचे तुमच्याकडं येणार आहेत, वडिलांचा गुडघा धरतो. कर्ज धरून बजेट 60 लाख. समोर कोल्हापुरातली तीन घरं आहेत: नागाळा पार्क-रमणमळ्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा बारा वर्षं जुना टू बीएचके, आर. के. नगरच्या पुढं मोरेवाडी हद्दीत रो-हाऊस, आणि फुलेवाडी रिंग रोडला अजून स्लॅब पडत असलेल्या इमारतीतला फ्लॅट. मेहुणे म्हणतात फुलेवाडी घ्या, तिकडं भाव वाढणार. तुम्ही विचारताय, ‘कुठला भाग चांगला?’

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली 24 वर्षं बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो. म्हणजे तुम्ही घर आवडून ठरवता आणि नंतर मी टेप घेऊन येतो. घर विकत नाही, कमिशन घेत नाही, त्यामुळं स्पष्ट बोलायला मोकळा आहे.

कोल्हापुरात ‘कुठला भाग चांगला’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच नागाळा पार्कात अशी गल्ली आहे जिथं 2019 ला पार्किंगमधल्या गाड्यांचे टप तेवढे दिसत होते, आणि चालत पाच मिनिटांवर अशी आहे जिथं पावसाच्या पाण्यापलीकडं काही आलं नाही. दोन्हीकडं पाटी नागाळा पार्कचीच, आणि एजंट दोन्हीकडं एकच भाव सांगतो. म्हणून भागाचं नाव बाजूला ठेवा. त्या एका प्लॉटवर तीन पाणी कशी वागतात ते बघा: पुराचं, नळाचं आणि सांडपाण्याचं. आणि त्याच्या जोडीला, घरात दिवसभर कोण असणार ते. तुमच्या बाबतीत ते तुम्ही नाही, मिसेस नाहीत, आई-वडील आहेत. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे आणि भाव वाढण्याचा तीन ओळींत. मला ते उलटं हवं होतं.

पुराच्या पाण्यावर जरा जास्त बोलतो, कारण इथंच माणसं फसतात.

पंचगंगेची पातळी आपण कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. आता बाहेरून आलेला माणूस नकाशा बघतो आणि म्हणतो, नदी तर लांब आहे. पण शहरात पाणी फक्त घाटावरून चढत येत नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही, ते तुंबतं, आणि मग नदीच नाल्यातून उलटी शहरात येते. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतार मळा, रमणमळा, बापट कॅम्प यांच्या गोष्टी यातूनच समजतात. दुधाळी नाल्याचंही तसंच. शिवाय आपली नदी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेनं उतरायचं कुठं? म्हणून आपल्याकडं पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी इंचाइंचानं उतरतं. पूर येण्यापेक्षा पूर बसून राहण्याचा त्रास मोठा.

त्यामुळं विकणाऱ्याला ‘इथं पूर येतो का?’ असं विचारूच नका. तो सांगणार, ‘2019 ला आला, पण तो सगळीकडंच आला.’ विचारायचं असं: ‘पाणी कितव्या फुटाला येतं?’, म्हणजे बंधाऱ्यावर नदी किती फुटांवर गेली की या गल्लीत पाणी शिरतं. जुन्या माणसाला हा आकडा पाठ असतो. गल्लीच्या तोंडाचा किराणावाला, इस्त्रीवाला, स्टॉपवरचा रिक्षावाला, या तिघांना वेगवेगळं विचारा. 44-45 फुटाला पाणी येत असेल तर वरचेवर सामान उचलायची तयारी ठेवा. 55 ला येत असेल तर तो वेगळा हिशोब, तो मी बाद धरत नाही.

घर बघायला गेल्यावर पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मीटर बोर्ड कुठं आहे? नेहमीच्या छातीच्या उंचीवरून उचलून जिन्याच्या पहिल्या वळणावर नेलेला असेल तर तो हौसेनं नेलेला नाही. पार्किंगच्या भिंतीला विशिष्ट उंचीपर्यंतच नवा रंग किंवा टाइल्स असतील तर वर कुठंतरी जुनी रेघ सापडते का बघा. लिफ्टच्या खड्ड्यात डोकवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीखालची पाण्याची टाकी कुठं आहे ते विचारा. दुसरा मजला म्हणजे आपण सुरक्षित, असं तुम्ही लिहिलंय. घर कोरडं राहील, खरं आहे. पण वीज बंद, लिफ्ट बंद, खालच्या टाकीत पुराचं पाणी मिसळलेलं, आणि ज्यांचा गुडघा धरतो ते वडील वर. बोटीतून उतरवायची वेळ आली तर? बँकेच्या दृष्टीनं तो फ्लॅट सुस्थितीत असतो. तुमच्या दृष्टीनं तो आठ-दहा दिवस तुरुंग असतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. माझं स्वतःचं ऑफिस शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. भाडं बरं पडतं म्हणून घेतलेलं. दुसऱ्यांच्या घरांना पूररेषा विचारणारा मी, स्वतःच्या जागेला विचारायचं विसरलो. 2019 ला कमरेएवढं पाणी शिरलं. पंधरा वर्षांच्या फायली नंतर गच्चीवर विटा ठेवून वाळवल्या, अर्ध्या चिकटून गठ्ठेच झाल्या. आता पहिल्या मजल्यावर बसतो.

पूररेषेचा कागदी भागही बघून घ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळी ते लाल रेषा नियंत्रित. ढोबळमानानं निळी म्हणजे 25 वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा येणारा. इमारत आधीची असेल तर ती उभी राहते, पण पुढं वाढीव बांधकाम किंवा पाडून नवी इमारत करताना हाच मुद्दा आडवा येतो. बारा वर्षं जुना फ्लॅट घेताय, आणखी वीस वर्षांनी ती इमारत पुनर्बांधणीला येईल. तेव्हा काय होणार, याचा अंदाज आर्किटेक्टकडून आजच घ्या.

आणि जाता जाता, नागाळा पार्कवाल्यानं ‘आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, भाव चढलेत’ असं म्हटलंच असेल. ऑगस्ट 2025 मध्ये बेंच सुरू झालं, त्या परिसरात ऑफिसला जागा शोधणारे वकील मलाही भेटतात. पण पक्षकार काही तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमला भाडं देणार नाही. त्या नावावर जास्त मोजू नका.

आता नळाचं पाणी. गंमत अशी की 2019 आणि 2021 च्या पुरात उंचावरच्या लोकांचेही हाल झाले, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. दारात पूर आणि नळाला थेंब नाही, टँकरपुढं घागरींच्या रांगा. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचली, तेव्हापासून निदान मूळ स्रोत तरी नदीच्या पातळीवर अवलंबून राहिला नाही. पण पुईखडीपर्यंत पाणी पोचणं आणि तुमच्या टाकीत पडणं यात जुनी वितरणवाहिनी, चढ आणि व्हॉल्व्ह उघडणारा माणूस एवढं सगळं आहे. म्हणून शहरात घर घेताना विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, आणि मोटर न लावता पहिल्या मजल्यावर चढतं का.

मोरेवाडी, पाचगाव, कळंब्याचा बराचसा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर. महापालिका होऊन 50 वर्षं उलटली तरी हद्दवाढीचा वाद काही मिटत नाही, त्यामुळं ‘उद्या हे शहरात येणार’ या वाक्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. आलंच शहरात, तर घरफाळा, म्हणजे घरपट्टी, आधी वाढेल आणि पाइपलाइन नंतर येईल. आजची स्थिती बघा: किती दिवसाआड पाणी येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, बोअर असेल तर किती फुटाचा आणि उन्हाळ्यात टिकतो का. हे शेजारच्या बाईंना विचारा, पुरुषांना नको. पुरुष म्हणतात ‘येतंय की पाणी’. पहाटे उठून भरणाऱ्या बाई वार आणि वेळ सांगतात.

सांडपाणी हे तिसरं, आणि याच्याकडं कोणीच बघत नाही. उपनगरांत बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजची लाइन नाही, सेप्टिक टँकवर कारभार. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तेवढ्यात रो-हाऊस, सेप्टिक टँक आणि बोअर, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचेही टँक. तुमचा बोअर आणि शेजाऱ्याचा टँक यात किती अंतर आहे ते पावलांनी मोजा. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या, खर्च किरकोळ असतो. फुलेवाडीच्या फ्लॅटबाबत बिल्डरला सरळ विचारा, इमारतीचं मैलापाणी जातं कुठं? रस्त्यावर ड्रेनेजचं झाकण दाखव म्हणा. दाखवता आलं तर उत्तम. ‘लाइन मंजूर आहे’ हे उत्तर मी गेली दहा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय.

तीन पाणी झाली. आता जागा आणि कागद, तुमच्या तिन्ही घरांपुरतं.

मोरेवाडीचं रो-हाऊस मला जागा म्हणून आवडतं. उंच, मुरमाड जमीन, पाया पक्का लागतो, पुराचा प्रश्न नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. कोल्हापुरात माणूस आपल्या गावाच्या वाटेवर घर घेतो. राधानगरीकडचे साने गुरुजी वसाहत, आपटेनगरला, गगनबावड्याकडचे फुलेवाडीला, आणि तुमच्यासारखे गारगोटी-भुदरगडकडचे पाचगाव-कळंबा-आर. के. नगरला. याला कारण आहे. शेत गावी असतं, भाताची पोती यायची असतात, भावकीतलं लग्न-मयत असतं. तुमचे वडील ‘कायमचे’ येणार म्हणालात, पण रोप लावणीला आणि सुगीला ते गावी जाणार म्हणजे जाणारच. मोरेवाडीतून कळंब्याकडनं गारगोटी रोडला लागलं की झालं, शहर ओलांडायला नको. याउलट पुरात बालिंग्याच्या पुढं गगनबावडा रस्ता बंद होतो, केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता बंद होतो, तुम्हाला तिकडं काही कामच नाही. तेव्हा फुलेवाडी मेहुण्यांना सोयीची असेल, त्यांचं गाव कुठल्या बाजूला आहे ते एकदा आठवा.

पण रो-हाऊसचे कागद? इथं सावध. बिगरशेती आदेश आहे का, तो त्याच गट नंबरचा आहे का, मंजूर लेआउटमध्ये तुमचा प्लॉट नंबर दिसतो का. गुंठेवारीतला असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय, जमीन वर्ग 2 ची (विकायला सरकारी परवानगी लागते अशी) किंवा देवस्थानची तर नाही. शहराभोवतीच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं, बांधकाम त्यानंतरचं असेल तर परवाना त्यांचा लागतो. ग्रामपंचायतीनं घरफाळा लावला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही. फाळा कोणीही घेतं. मी गेल्या वर्षभरात जी प्रकरणं परत पाठवली त्यातली निम्मी अशीच होती: घर सुंदर, कागद नोटरीवर. बँक म्हणते नाही, मग माणूस पतसंस्थेचं महाग कर्ज काढतो.

घर म्हणूनही एक बघा. रो-हाऊसमध्ये खाली हॉल-किचन आणि दोन्ही बेडरूम वर, अशी रचना फार असते. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला खाली झोपायला खोली आणि खालीच कमोडचं संडास पाहिजे. नसेल तर ते रो-हाऊस तुमच्यासाठी नाही, कागद कितीही स्वच्छ असोत.

फुलेवाडीच्या फ्लॅटवर फार वेळ घालवत नाही. महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी क्रमांक घ्या, त्यावर ताबा द्यायची तारीख बघा, कार्पेट एरियावर भाव काढा, करार नोंदवायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी लागतो: किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलं तर शून्य. परवापर्यंत ऊस उभा होता अशी जमीन असेल तर काळी माती किती खोल आहे आणि पाया कशावर टेकवलाय, हे साइटवरच्या इंजिनिअरला विचारा. माझी अडचण वेगळीच आहे. तुम्हाला भाडं आणि हप्ता दोन्ही भरत ताब्याची वाट बघावी लागेल, आणि रोज गोकुळ शिरगावला जायला शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. यात तुमचं काय भलं आहे ते मला दिसलं नाही.

प्रवासाचा हिशोब करताना दोघांचा करा. मोरेवाडी तुम्हाला सोयीची. मिसेसना रोज सायबर चौक, राजारामपुरी करत शहर ओलांडून नागाळा पार्क गाठायचं. परीख पुलाखालून जायची सवय लागली की पावसाळ्यात तिथं पाणी साचतं तेव्हा वळसा. शाळा साडेसातची असेल तर सकाळी रस्ता मोकळा मिळेल, दुपारी येताना मात्र ऊन आणि सिग्नल. हे वीस वर्षं करायचं आहे का, हे त्यांना विचारलंत? तुमच्या प्रश्नात त्यांचं मत कुठं दिसलं नाही.

मला विचाराल तर मी चौथं घर शोधेन. टाकाळा, प्रतिभानगर, सागरमाळ, राजारामपुरीच्या वरच्या अंगाच्या गल्ल्या. लिफ्ट असलेल्या इमारतीतला पंधरा-अठरा वर्षं जुना फ्लॅट. शहराच्या हद्दीत, चढावर, दवाखाने जवळ, मिसेसना अर्धा रस्ता आणि तुम्हाला अर्धा. तुमच्या 60 लाखांत तिथं नवं मिळणार नाही, जुनंच मिळेल, आणि पार्किंगची मारामारी असेल. वडिलांना संध्याकाळी बसायला कट्टा आणि चार समवयस्क मिळतात का, तेही तिथं बघता येईल. मोरेवाडीतल्या शांत कॉलनीत दिवसा सगळे कामाला गेल्यावर गावाकडनं आलेला म्हातारा माणूस फार एकटा पडतो. माझ्या वडिलांचं मी तेच केलं होतं. बंगला हवेशीर, आणि ते दिवसभर गेटला हात धरून उभे.

जुना फ्लॅट घेताना भोगवटा प्रमाणपत्र, इमारतीचं घोषणापत्र किंवा सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स डीड) झालंय का, मालमत्ता पत्रक, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी. गच्चीवर जाऊन टाकीखालचा स्लॅब बघा, गंजलेली सळी दिसली तर भाव पाडून मागा. घर एकट्या मिसेसच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे; तुमचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये.

आणि जमत असेल तर घाई करू नका. जो भाग पटतो तिथं 11 महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा, मध्ये एक पावसाळा येऊ द्या. आई-वडिलांनाही आणा. जुलैच्या झडीत चार दिवस राहिलात की मी इथं लिहिलेल्यातलं निम्मं तुम्हाला आपोआप कळेल.

माझं मत कशानं बदलेल तेही सांगतो. मिसेसची बदली आर. के. नगरच्या बाजूला होणार असेल आणि रो-हाऊसला खाली खोली असेल तर मोरेवाडी, कागद तपासून. नागाळा पार्कच्या फ्लॅटला किराणावाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला या तिघांनीही ‘52-53 फुटाच्या आत पाणी नाही’ असं सांगितलं आणि मीटर बोर्ड जागच्या जागी असेल, तर तोही पुन्हा यादीत घ्या. फुलेवाडी मात्र तुमच्यासाठी नाही.

रो-हाऊसवाला विसार मागतोय असं लिहिलंय. बिगरशेती आदेश आणि लेआउटची प्रत हातात पडेपर्यंत देऊ नका. द्यायचाच झाला तर चेकनं द्या, आणि पावतीवर ‘बँकेनं कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढी ओळ त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. ती ओळ लिहायला तो कां-कूं करत असेल तर कागदांचं काय ते तिथंच कळलं.